गणित सोपं नको, प्रश्न कळू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत स्थायिक झालेली बरीच मराठी मंडळी आठवड्यातून तास-दोन तास जवळच्या सरकारी शाळेत किंवा वाचनालयात मुलांना गणित शिकवायला जातात. चांगलंच आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू जर्सी अशा राज्यांत त्यांच्यापुढे बसणाऱ्या अनेक मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जाते. 'आपल्याला स्पॅनिश येत नाही, पण गणिताला कुठे भाषा लागते?' हे वाक्य अशा वेळी हमखास कानावर येतं. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकावरून 'त्रेसष्ट' की 'साठ तीन' असा वाद अख्ख्या महाराष्ट्रात पेटला होता. गणिताला भाषा नसती तर तो पेटलाच नसता. अशा वर्गांत रोज शिकवणारे आम्ही काही मराठी शिक्षक आहोत. स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडेल असा थोडा तपशील इथे देतो.

अमेरिकेच्या सरकारी शाळांत 'इंग्रजी शिकणारे' अशी नोंद असलेली सुमारे ५० लाख मुलं आहेत आणि चारांतल्या तिघांच्या घरची भाषा स्पॅनिश आहे. पण त्यातली बहुतेक मुलं अमेरिकेतच जन्मलेली आहेत, हे सहसा कुणी लक्षात घेत नाही. पहिली चूक इथेच होते. शिक्षक उत्साहाने सगळ्यांना स्पॅनिश वर्कशीट वाटतात. इथे जन्मलेली मुलगी घरी फर्डं स्पॅनिश बोलत असते, पण छेद, अंश, भागाकार हे शब्द तिने स्पॅनिशमध्ये कधी ऐकलेलेच नसतात, कारण ती शाळा फक्त इंग्रजीत शिकली. तिला तो कागद इंग्रजीपेक्षा अवघड जातो. उलट मेक्सिकोत सहावीपर्यंत शिकून गेल्या महिन्यात आलेल्या मुलाला तोच कागद वरदान वाटतो. तिसरा गट ग्वातेमालाच्या डोंगराळ भागातून किंवा मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेल्या मुलांचा. त्यांच्या घरी माम, किचे, मिश्तेक किंवा सापोतेक बोलतात. स्पॅनिश ही त्यांचीही दुसरी भाषा, आणि काहींची शाळा मध्येच दोन-दोन वर्षं सुटलेली. म्हणून पहिल्या भेटीत तीनच गोष्टी विचाराव्यात: घरी काय बोलता, शाळा कुठे आणि कितवीपर्यंत झाली, आकडेमोड मनात कोणत्या भाषेत करतोस. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत कामाचं असतं.

आता वहीकडे या. ९३२ भागिले ४ हा भागाकार घ्या. अमेरिकन शाळेत ९ खाली ८ लिहितात, वजा करून १, मग ३ खाली उतरवून १३, त्याखाली १२, पुन्हा १, मग २ उतरवून १२, त्याखाली १२, शेवटी ०. मेक्सिकोत शिकलेलं मूल वजाबाकी मनातच करतं. त्याच्या वहीत ९३२ खाली फक्त १३, १२ आणि ० एवढंच दिसतं आणि वर २३३. उत्तर बरोबर, पण शिक्षक 'रीत दाखवली नाही' म्हणून गुण कापतात, किंवा कॉपीचा संशय घेतात. दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत तर मांडणीच वेगळी असते: भाज्य डावीकडे, भाजक उजवीकडे आडव्या-उभ्या रेघेच्या कोपऱ्यात आणि भागाकार भाजकाच्या खाली. ते बघून अमेरिकन शिक्षकाला वाटतं की मुलाने भाज्य-भाजकाची अदलाबदल केली. आपल्याकडे जुन्या वह्यांत भागाकार उजवीकडे कंसाबाहेर लिहायचे. ती रीत शिकलेल्या आजोबांना यात काहीच विचित्र वाटणार नाही.

वजाबाकीचंही तसंच. ५२ मधून २७ वजा करताना काही मुलं ५ चे ४ करत नाहीत. वरच्या २ चे १२ करतात आणि खालच्या २ चे ३ करतात. १२ मधून ७ गेले ५, ५ मधून ३ गेले २, उत्तर २५. दोन्ही संख्यांत दहा मिळवले की फरक बदलत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. पण खालच्या अंकावर छोटा १ दिसला की शिक्षक लाल पेन उचलतात. त्याऐवजी मुलाला फळ्यापाशी बोलवून दोन्ही रीती शेजारी-शेजारी मांडायला लावाव्यात आणि 'दोन्हींत दहा कुठे गेले?' असं वर्गाला विचारावं. दहा मिनिटं जातात, पण स्थानिक किंमत वर्गातल्या इंग्रजी मुलांनाही कळते.

दशांशचिन्हाबाबत 'स्पॅनिशवाले असं लिहितात' हे विधान करूच नये. मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोर इथे आपल्यासारखाच टिंब वापरतात. अर्जेंटिना, चिली, कोलंबिया इथे दशांशाला स्वल्पविराम, आणि हजार दाखवायला टिंब. त्यामुळे ३,५०० ही संख्या कोलंबियातल्या बोगोताहून आलेल्या मुलाला साडेतीन दिसू शकते. मोठ्या संख्यांत आणखी एक खड्डा आहे: इंग्रजीतलं बिलियन म्हणजे शंभर कोटी, तर स्पॅनिशमधलं 'बियोन' म्हणजे लाख कोटी, हजार पट मोठं. लोकसंख्या आणि अंतराळातली अंतरं यांवरच्या उदाहरणांत हे उघडं पडतं. १ ला वर लांब शेंडी आणि ७ ला मध्ये आडवी रेघ काढणाऱ्या मुलाचा १ अमेरिकन डोळ्यांना ७ वाटतो, हेही तपासताना ध्यानात ठेवावं.

शब्दांच्या बाबतीत स्पॅनिश मुलांची एक बाजू भक्कम आहे आणि तिचा उपयोग फार कमी होतो. त्रिकोण, कोन, समीकरण, अपूर्णांक, परिमिती या सगळ्यांचे इंग्रजी आणि स्पॅनिश शब्द लॅटिन-ग्रीक मुळांमुळे जवळजवळ सारखे आहेत. अडचण लांबलचक पारिभाषिक शब्दांची नसतेच, बारीकसारीक शब्दांची असते. 'टेन्स' आणि 'टेन्थ्स', म्हणजे दशक आणि दशांश, यांतला फरक शब्दाच्या शेवटच्या व्यंजनांत आहे आणि स्पॅनिश कानाला तिथे फारसं काही ऐकू येत नाही. 'थर्टीन' आणि 'थर्टी'चं तेच. म्हणून असा शब्द नुसता बोलू नये, बोलताना स्थानिक किमतीच्या तक्त्यावर बोट ठेवावं. 'क्वार्टर' म्हटलं की मुलाला २५ सेंटचं नाणं आठवतं आणि 'क्वार्टर पास्ट थ्री' तो तीन वाजून २५ मिनिटं असं लिहितो. 'लार्ज' वाचून 'लार्गो' म्हणजे लांब असं वाटतं आणि मोठ्या आयताऐवजी लांबुळका आयत रंगवला जातो. भागाकाराला मेक्सिकोत 'एन्त्रे' म्हणतात, आणि तोच शब्द 'च्या मध्ये' या अर्थीही चालतो. मूल '१२ एन्त्रे ३' म्हणालं तर ते १२ आणि ३ च्या मधल्या संख्या विचारत नाहीये.

सगळ्यांत जास्त नुकसान करते ती कळीच्या शब्दांची युक्ती. 'जास्त दिसलं की बेरीज, कमी दिसलं की वजाबाकी' असं इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना मुद्दाम शिकवलं जातं, त्यांच्यावर दया म्हणून. एक उदाहरण बघा: 'मारियाकडे १२ गोट्या आहेत. लुईसपेक्षा तिच्याकडे ५ जास्त आहेत. लुईसकडे किती?' युक्ती वापरणारं मूल १७ लिहितं, बरोबर उत्तर ७. हे मराठीत लिहिलं तरी मूल तसंच फसतं. म्हणजे दोष भाषेचा नाही, वाक्य न वाचता शब्द उचलण्याच्या सवयीचा आहे. बीजगणितात ही सवय महागात पडते. 'क्षपेक्षा ५ ने कमी' हे इंग्रजीत 'फाइव्ह लेस दॅन एक्स' असं येतं. डावीकडून उजवीकडे जसं दिसतं तसं उतरवलं की ५ वजा क्ष होतं. हवं असतं क्ष वजा ५.

यावर वर्गात चांगली चालणारी एक रीत म्हणजे तीनदा वाचन. तिचे एकाहून जास्त प्रकार प्रचलित आहेत. आमच्या मते हा सोयीचा. पहिल्यांदा संख्या आणि शेवटचा प्रश्न दोन्ही झाकून फक्त गोष्ट वाचायची आणि विचारायचं, 'कशाबद्दल आहे?' दोन मिनिटं शेजाऱ्याशी, हव्या त्या भाषेत. दुसऱ्यांदा संख्या उघडायच्या आणि विचारायचं, 'इथे काय काय मोजता येईल?' इथे लुईसच्या गोट्या हीसुद्धा एक राशी म्हणून फळ्यावर लिहिली गेली पाहिजे, जरी तिची संख्या दिलेली नसली तरी. अर्धं गणित तिथेच सुटतं. तिसऱ्यांदा मुलांनाच विचारायचं की यावर कोणता प्रश्न विचारता येईल, आणि मगच छापील प्रश्न उघडायचा. या सगळ्याला दहा ते बारा मिनिटं लागतात. बिघडतं ते दोन कारणांनी. एक, शिक्षक तेच वाक्य तीनदा मोठ्याने वाचतात आणि दर वाचनाला वेगळा हेतूच उरत नाही. दोन, प्रत्येक उदाहरणाला हेच करतात आणि आठवड्याभरात मुलं कंटाळतात. आठवड्यातून एक-दोन भरगच्च उदाहरणं पुरे.

भिंतीवर पहिल्याच दिवशी तीस छापील शब्दांचा तक्ता लावतात, तो कुणीही वाचत नाही. त्यापेक्षा गटांत चर्चा चालू असताना शिक्षकाने पॅड घेऊन फिरावं, मुलांचे शब्द जसेच्या तसे टिपावेत, त्यात 'वर-खाली सारखं', एखादं स्पॅनिश वाक्य, हातवाऱ्याचं चित्र, सगळं आलं. मग ते फळ्यावर मांडून शेजारी पारिभाषिक शब्द लिहावा. हा तक्ता वर्षभर वाढत जातो आणि मुलं त्याकडे खरंच बघतात. 'मला वाटतं की..., कारण...' अशी अर्धी वाक्यं बोलण्यासाठी टेकू म्हणून द्यावीत, पण चार-सहा आठवड्यांनी काढूनही घ्यावीत. नाहीतर ती रिकाम्या जागा भरण्याचा धडा होऊन बसतात. प्रश्न विचारल्यावर निदान दहा सेकंद थांबावं. वर्गात दहा सेकंद फार लांब वाटतात, पण मुलाला ऐकणं, समजणं, विचार करणं आणि परत इंग्रजीत आणणं एवढं सगळं त्यात बसवायचं असतं.

दुभाषी म्हणून एकाच हुशार मुलीला नव्या मुलाशेजारी वर्षभर बसवणं, ही चूक सर्रास दिसते. त्यात तिचं गणित मागे पडतं. आणि नवा मुलगा तिच्या तोंडूनच वर्ग ऐकत राहतो.

परीक्षांची व्यवस्था राज्यागणिक वेगळी. टेक्सासची राज्य परीक्षा तिसरी ते पाचवी स्पॅनिशमध्ये देता येते. सहावीपासून नाही. त्यामुळे बारा वर्षांचा नवागत गणितही इंग्रजीत देतो. कॅलिफोर्नियात गणिताच्या परीक्षेत प्रत्येक प्रश्न स्पॅनिश आणि इंग्रजी असा वर-खाली दाखवण्याची सोय आहे, शिवाय अवघड शब्दांचे अर्थ अनेक भाषांत दिसतात, त्यांत पंजाबीही आहे. पण ही सोय शाळेने आधीच संगणकप्रणालीत त्या मुलाच्या नावावर चालू करून ठेवावी लागते. परीक्षेच्या सकाळी आठवण झाली तर उपयोग नाही. आणि ती सरसकट सगळ्या स्पॅनिश आडनावांना लावू नये. इंग्रजीतच गणित शिकलेल्या मुलाला दुप्पट मजकुराचा पडदा नुसता थकवतो.

याहून गंभीर प्रकार वर्गवारीचा. मेक्सिकोत 'सेकुन्दारिया' म्हणजे सातवी ते नववी, आणि तिथे बीजगणित, भूमिती, संख्याशास्त्र दरवर्षी एकत्र शिकवतात. गुणपत्रिकेवर नुसतं 'गणित' आणि दहापैकी गुण असतात, उत्तीर्ण व्हायला ६ लागतात. अमेरिकन समुपदेशक त्या कागदावर 'अल्जिब्रा वन', म्हणजे बीजगणिताचा वर्षभराचा पहिला स्वतंत्र विषय, शोधतो, सापडत नाही आणि मुलाला पुन्हा तिथेच बसवतो. एक वर्ष गेलं की बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोहोचणं जवळजवळ संपतं. आपल्या दहावीच्या गुणपत्रिका घेऊन येणाऱ्या मुलांचीही हीच गत होते. उपाय म्हणजे इंग्रजीचा अडसर न आणणारी, आकडे आणि आकृत्यांवरची छोटी चाचणी मुलाच्या भाषेत घ्यावी आणि मगच वर्ग ठरवावा. आपल्या बालभारतीसारखी मेक्सिको सरकारची मोफत पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर उपलब्ध आहेत. मूल कितवीत काय शिकून आलंय ते त्यांत दिसतं, भाषा न कळताही बरंचसं.

पालकांविषयी. 'हे लोक येत नाहीत, त्यांना पर्वा नाही' हे शिक्षकांच्या खोलीतलं आवडतं वाक्य आहे. संध्याकाळी सहाची सभा हॉटेलात किंवा गोदामात दुसऱ्या पाळीला असणाऱ्या आईला कशी जमणार? एकच सभा दोन वेळांना ठेवावी, लहान भावंडांना सांभाळायला कुणीतरी असावं आणि दुभाषा शाळेने आणावा. पोटच्या मुलाकडून भाषांतर करून घेऊ नये, विशेषतः त्याच्याच प्रगतीविषयी बोलताना. कॅलिफोर्नियात शाळेतल्या १५ टक्के मुलांच्या घरी एखादी इतर भाषा असेल तर पालकांना जाणाऱ्या सूचना त्या भाषेतही द्याव्याच लागतात, तसा कायदा आहे. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा झाली. पण १९७४ चा समान शैक्षणिक संधींचा कायदा आणि त्याच वर्षीचा सर्वोच्च न्यायालयाचा लाउ खटल्याचा निकाल (इंग्रजी न येणाऱ्या मुलांना शाळेने मदत दिलीच पाहिजे असं सांगणारा) त्यामुळे रद्द झालेला नाही. तो खटला सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांचा होता आणि आज त्याचा सर्वाधिक आधार स्पॅनिश मुलांना आहे.

गृहपाठावरून घरोघरी खटके उडतात. बाप भागाकाराची आपली रीत दाखवतो, मूल म्हणतं 'बाई असं नाही शिकवत', आणि बाप गप्प बसतो. ॲरिझोना विद्यापीठाच्या मार्टा सिव्हिल यांनी टुसानमधल्या मेक्सिकन कुटुंबांच्या अभ्यासात नेमकं हे दाखवून दिलं आहे. यासाठी वर्षाच्या सुरुवातीला एकच चिठ्ठी पाठवावी: 'तुमची रीत बरोबर आहे. मुलाला दोन्ही रीती दाखवू द्या. रीत येत नसेल तर उत्तर सांगू नका, प्रत्येक पायरीला असं का केलंस ते विचारा, स्पॅनिशमध्येच.' घरी इंग्रजी बोला असा सल्ला कधीही देऊ नये. आईला तोडकंमोडकं इंग्रजी बोलायला लावून मुलाचं गणित सुधारत नाही. बोलताना 'सेन्योरा' म्हणावं आणि 'उस्तेद' वापरावं. आपल्या अहो-जाहोसारखंच ते आहे, आणि मशीन भाषांतर कधीकधी एकदम अरे-तुरेवर येतं. त्याच मशीनला 'टेबल' हा सुटा शब्द दिला तर तक्त्याऐवजी जेवणाचं टेबल मिळतं. पाठवण्याआधी शाळेतल्या स्पॅनिश जाणणाऱ्या माणसाने नजर टाकलेली बरी. आणखी एक बारीक गोष्ट: या मुलांना दोन आडनावं असतात, आधी वडिलांचं, मग आईचं. संगणकात एकदा 'गार्सिया' आणि एकदा 'लोपेस' म्हणून नोंद झाली की एकाच मुलाच्या दोन फायली तयार होतात आणि मागच्या वर्षीचे गुण हरवतात.

आता आपल्या इंग्रजीविषयी, कारण स्वयंसेवक जो गोंधळ घालतात तो इथे. आपण 'थ्री इंटू फोर' म्हणतो तेव्हा गुणाकार करत असतो. अमेरिकन शाळेत 'फोर इंटू ट्वेल्व्ह' म्हणजे बाराला चाराने भागणं. आपलं 'थ्री अपॉन फोर' तिथे कुणाला कळत नाही, 'थ्री फोर्थ्स' म्हणावं. 'सम' म्हणजे तिथे फक्त बेरीज. 'डू धिस सम' म्हटलं की मूल समोरचे सगळे आकडे मिळवून मोकळं होतं. आणि १२,३४,५६७ असे स्वल्पविराम दिले की नुकतं हजार-दशलक्ष शिकलेलं मूल तुमच्याकडे बघत बसतं. दोन भाषांशी झुंजणाऱ्या मुलावर तिसरं इंग्रजी लादू नये.

ज्यांना स्पॅनिश अजिबात येत नाही त्यांनी शंभरापर्यंतच्या संख्या, चार क्रियांची नावं आणि 'कसं केलंस ते दाखव' एवढं शिकून जावं. पंधरापर्यंतचे आकडे पाठ करावे लागतात, पुढचे बहुतेक नियमात बसतात, त्रेसष्ट-चौसष्टसारखी डोकेफोड नाही. बाकी कागद, पेन्सिल आणि संख्यारेषा.

जाता जाता मराठी पालकांसाठी. शाळेत नाव घालताना घरच्या भाषेचा फॉर्म भरून घेतात. मूल मागे पडेल या भीतीने बरेच जण तिथे 'इंग्रजी' लिहून टाकतात. कॅलिफोर्नियात पहिल्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर दुसऱ्या भाषेत असलं की ३० दिवसांच्या आत मुलाची इंग्रजीची चाचणी होते. इंग्रजी चांगलं असेल तर प्रश्न तिथेच मिटतो, नसेल तर हक्काची मदत मिळते. खोटं लिहिलं तर ती मदत मागताना अडचण येते. हेच स्पॅनिश शेजाऱ्यांनाही सांगावं, त्यांच्यातही ही भीती आहेच.

आणि ज्यांना यंदा जायचं आहे त्यांनी घाई करावी. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत बऱ्याच ठिकाणी बोटांचे ठसे आणि क्षयरोगाची तपासणी झाल्याशिवाय वर्गात घेत नाहीत, त्यात काही आठवडे जातात. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमधल्या बऱ्याच शाळा ऑगस्टच्या मध्यालाच उघडतात, तेव्हा अर्ज जुलैत गेलेला बरा.

आपले,
अमेरिकेतील सरकारी शाळांत गणित शिकवणारे काही मराठी शिक्षक